प्रत्येक ग्रुपमध्ये एक खडूस हवाच!

मंडळी, ग्रुप ट्रिपचं एक साधं गणित असतं. माणसं वाढली की खर्च कमी होतो आणि कटकट वाढते. गोव्यात हे गणित फारसं बोचत नाही. कंटाळा आला की माणूस उठतो आणि पलीकडच्या शॅकमध्ये जाऊन बसतो. आता हेच गणित तरंगत्या घरात मांडून बघा. बारा माणसं, पाच दिवस, ५९ फुटांची बोट, दोन टॉयलेट, एक फ्रीज. चारही बाजूंना पाणी आणि पाण्यापलीकडे वाळवंट. रुसून जायचं म्हटलं तरी जाणार कुठे?

२०२३च्या जुलैत मी असे पाच दिवस काढले. जागा, लेक पॉवेल. अमेरिकेत ॲरिझोना आणि यूटा ह्या दोन राज्यांच्या सीमेवर पसरलेला हा जलाशय. माझा मावसभाऊ फीनिक्सजवळ चँडलरला राहतो. तिथून गाडीने साडेचार-पाच तासांवर पेज नावाचं गाव आणि गावाला लागून वाहवीप मरिना. दादाचा ग्रुप म्हणजे टिपिकल आयटीवाली मराठी गँग. परदेशात गेलं की माणसाचं नाव मागे पडतं आणि गाव चिकटतं. त्यामुळे ग्रुपमध्ये एक नागपूरकर, एक कोल्हापूरकर, एक डोंबिवलीकर, तीन जोडपी, दोन पुणेकर (त्यांना वेगळं नाव लागत नाही, बोलायला लागले की कळतं) आणि पाहुणी म्हणून मी. शिवाय वहिनी. वहिनी म्हणजे दादाची बायको, हॉस्पिटलात इमर्जन्सीला नर्स. तीन जोडप्यांत तीही आली, पण तिला वेगळं मोजायला हवं. का, ते पुढे कळेलच.

आधी तळ्याविषयी. हे तळं निसर्गाने केलेलं नाही. कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन नावाचं ७१० फूट उंचीचं धरण आहे. १९६३मध्ये त्यात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि ते पहिल्यांदा काठोकाठ भरायला १९८० उजाडलं. चक्क १७ वर्षं! भरलं की लांबी जवळजवळ ३०० किलोमीटर. आपल्या हिशेबात सांगायचं तर कोयनेसारखी दहा धरणं त्यात मावतील. पण आपल्या धरणांसारखी हिरवी झाडी इथे नाही. लाल-केशरी खडकांच्या उभ्या भिंती आणि त्यांच्यात घुसलेलं निळं पाणी. शेकडो फाटे, प्रत्येक फाटा एक दरी. फोटो काढायला शिकावं लागत नाही, मोबाइल कुठेही धरा, वॉलपेपर तयार.

फक्त एक गोष्ट फोटोत खटकते. पाण्यालगत लाल भिंतीवर एक पांढरा पट्टा दिसतो. बादलीत बोअरचं पाणी बरेच दिवस राहिलं की कडेला क्षार धरतात ना, तसाच. तिकडचे लोक त्याला बाथटबची कड म्हणतात. पट्ट्याची वरची कड म्हणजे एकेकाळी पाणी होतं ती रेघ. आम्ही गेलो तेव्हा पाणी त्या रेघेच्या शंभराहून जास्त फूट खाली होतं. म्हणजे दहा मजली बिल्डिंग! आणि हे चांगले दिवस होते बरं का. एप्रिल २०२३मध्ये पाणी, तळं भरल्यापासूनच्या सगळ्यात खालच्या पातळीला गेलं होतं. मग त्या हिवाळ्यातला भरपूर बर्फ वितळला आणि तीन महिन्यांत पाणी साठ फुटांहून जास्त वर चढलं.

आता बोट. हाउसबोट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर केरळ येतं. बोट चालवायला माणूस, मासा तळायला माणूस, आपण फक्त लोळायचं. इथे तसं काही नाही. मरिनावर एक जण अर्धा-पाऊण तास सगळं समजावतो आणि चावी हातात ठेवतो. पुढे चालवायची तुम्ही, बांधायची तुम्ही, साफ करायची तुम्ही. वेग साधारण सायकलचा. वळवायला आख्खी बिल्डिंग वळवल्यासारखा वेळ लागतो. संध्याकाळी एखादी वाळूची खाडी शोधायची, बोटीचं नाक वाळूवर चढवायचं, दोन्ही बाजूंना फावड्याने खड्डे खणायचे, त्यात नांगर पुरायचे आणि दोर ताणून बांधायचे. पाणी चढत-उतरत असतं, म्हणून दोर रोज तपासायचे. पहिल्या दिवशी खड्डे खणताना कोल्हापूरकर म्हणाला, ‘एवढं शेतात खणलं असतं तर आबांनी जमीन माझ्या नावावर केली असती.’

आणि मग टाक्या. प्यायच्या-वापरायच्या पाण्याची टाकी, इंधनाची टाकी आणि टॉयलेटची टाकी. पहिल्या दोन रिकाम्या होत जातात, तिसरी भरत जाते. ह्या तिन्हींचे काटे स्वयंपाकघराच्या भिंतीवर एका पाटीवर असतात. बारा माणसांत त्या पाटीकडे बघणारं माणूस एकच होतं. वहिनी.

निघण्याआधीच वहिनीने व्हॉट्सॲपवर एक शीट टाकली होती. कॉन्ट्रीचे पैसे, कोणी काय आणायचं, भांड्यांच्या पाळ्या, अंघोळ किती मिनिटांची. खाली ठळक अक्षरांत तीन नियम. एक, पाण्यावर लाइफ जॅकेट. दोन, कोणतंही इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कोणीही बसायचं नाही, तिथे पोहायचं नाही. तीन, रात्री दहानंतर जनरेटर बंद.

ग्रुपवर लगेच हसणाऱ्या तोंडांचा पाऊस पडला. कोणीतरी ‘यस मॅडम’ लिहिलं. ‘हॉस्टेलची रेक्टर’ ही पदवी पेजला पोहोचायच्या आत मिळाली होती.

भांड्यांच्या पाळीवरून पहिला राडा झाला आणि त्याला कारण भूगोल. मरिना ॲरिझोनात, तळ्याचा बराचसा भाग यूटात. यूटा उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतं, ॲरिझोना करत नाही. सिग्नल असेल तिथे मोबाइलचं घड्याळ उड्या मारतं. एका पुणेकराने ह्याचा शास्त्रशुद्ध फायदा घेतला. ‘माझी पाळी नऊची आहे. मी ॲरिझोना टाइमवर आहे. अजून आठच वाजलेत.’ वहिनीने शांतपणे त्याच्या हातात स्क्रबर दिला. ‘भांडी यूटात आहेत,’ ती म्हणाली.

सकाळ मात्र वेकबोर्डिंगची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक छोटी, दमदार स्पीडबोट घ्यायची. तिच्या मागे सत्तर फुटांच्या आसपास दोर. दोराला दांडी. दांडी धरून तुम्ही एका आखूड फळीवर उभे, दोन्ही पाय बुटांत घट्ट अडकवलेले, सर्फिंगसारखे आडवे. बोट पाणी कापत जाते तेव्हा मागे इंग्रजी व्ही आकाराची लाट उठते. तीच वेक. तिच्यावरून घसरायचं आणि जमलं तर उडी मारायची. लाट मोठी व्हावी म्हणून बोटीत मुद्दाम पाण्याच्या पिशव्या भरून वजन वाढवतात. हा खेळ फार जुना नाही, १९८०च्या दशकातल्या सर्फिंगच्या आणि वॉटर स्कीच्या लग्नातून जन्मलेला.

आधी ठरवायचं, पुढचा पाय कुठला. ह्याची टेस्ट मजेदार आहे. तुम्ही बेसावध उभे असताना मागून कोणीतरी हलका धक्का देतं. तोल सावरायला जो पाय पुढे जातो, तो तुमचा पुढचा. डावा असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. मी गूफी निघाले. ‘वाटलंच होतं,’ इति दादा.

मग पाण्यात उताणं तरंगायचं, गुडघे छातीशी, हात सरळ, फळी बोटीच्या दिशेने आडवी. बोट ओढायला लागते आणि आपल्याला वाटतं, आता दांडी खेचून उठावं. तिथेच सगळे आपटतात. फंडा असा की खेचायचं नाहीच. उकिडवंच बसून राहायचं आणि बोटीला आपल्याला उभं करू द्यायचं. मी सहा वेळा नाका-तोंडात पाणी घेतलं. सातव्यांदा पाण्याचा तो दाब एकदम गेला आणि मी उभी होते! बोट तासाला तीसेक किलोमीटरने चालली होती, दोन्ही बाजूंना लाल भिंती मागे पळत होत्या, आणि पाणी काचेसारखं. सकाळी वारा उठायच्या आधी ते तसं असतं. अकरा सेकंद, पण काय सही अकरा सेकंद! मग पुन्हा धपकन.

नियम इथेही आहेत. यूटात बोट चालवणारा वेगळा आणि मागे बघणारा वेगळा लागतो. कोणी पाण्यात पडलं की मागे बघणाऱ्याने केशरी झेंडा वर धरायचा, म्हणजे बाकीच्या बोटी सावध होतात. झेंड्याचं काम सगळ्यांना हवं होतं. टाकीच्या काट्याचं कोणालाच नको होतं.

दुसऱ्या रात्री एसीवरून वाजलं. दिवसा पारा चाळिशीच्या घरात. खडक दिवसभर तापतात आणि रात्री ती उष्णता परत देतात. एसी लावायचा तर जनरेटर चालू हवा. दहा वाजता वहिनी उठली आणि जनरेटर बंद केला. सगळ्यात मोठ्याने ओरडला तो नागपूरकर. ‘अरे तू नागपूरचा ना? पंचेचाळीसमध्ये वाढलास!’ ‘म्हणूनच,’ तो म्हणाला, ‘पुरे झालं!’

दादाने मध्यस्थी करून पाहिली. ह्या बोटीत जनरेटरचा धूर पाइपने छतावरून वर सोडलाय, आत अलार्म आहे, काही होत नाही. वहिनी म्हणाली, ‘वारा पडला की वर सोडलेला धूर खाली येतो. आणि आपण झोपणार छतावर.’ मग तिने एकदाच, आवाज न चढवता, सगळं सांगितलं. ते मी इथे लिहितेय, कारण आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असेल ह्याची मला शंका आहे.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा ह्या वायूला दोनशेहून जास्त पट घट्ट धरून ठेवतं. म्हणजे श्वास चालू असतो, पण शरीर उपाशी. १९९० ते २००० ह्या काळात एकट्या लेक पॉवेलवर अशा विषबाधेच्या १११ केसेस नोंदल्या गेल्या. त्यातल्या ७४ हाउसबोटींवरच्या, त्यात सात मृत्यू. ऑगस्ट २०००मध्ये आठ आणि अकरा वर्षांचे दोन सख्खे भाऊ हाउसबोटीच्या मागच्या फळीखालच्या पोकळीत पोहत गेले. जनरेटरचा धूर तिथे साठला होता. ते परत आले नाहीत. त्यानंतर सरकारी संशोधकांनी तपास केला आणि धूर छतावरून वर सोडणाऱ्या पाइपांचा आग्रह सुरू झाला. म्हणजे दादा ज्या पाइपाचा दाखला देत होता, तो कसा आला ते हे असं.

त्यावर कोणी काही बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ‘रेक्टर’चे जोक पुन्हा सुरू झाले होते. माणूस असाच असतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी हाउसबोटीवर कांदे चिरत होते. वहिनी दोर तपासत होती. स्पीडबोट परत आली तेव्हा डोंबिवलीकर आडवा होता. डोकं ठणकतंय, मळमळतंय, एकदा उलटी झाली. सगळ्यांचं निदान तयार. ऊन लागलं. पाणी कमी प्यायला. कालची उतरली नाही. कोणी लिंबूपाणी करायला धावलं. वहिनीने एकच प्रश्न विचारला.

‘बसला कुठे होतास?’

मागच्या फळीवर. पाय पाण्यात सोडून. पुढच्या गड्याचे बूट बसत नव्हते, म्हणून बोट जागेवर उभी होती. इंजिन चालू. वारा अजिबात नव्हता. किती वेळ? असेल वीस मिनिटं.

पुढचं तिने फार भराभर केलं. इंजिन बंद. त्याला उचलून उघड्यावर, बोटींपासून लांब वाळूवर, सावलीत. मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून बोटीतल्या रेडिओवर चॅनल १६. तो इमर्जन्सीचा चॅनल, हेही फक्त तिलाच माहीत होतं. पाऊण तासात रेंजर्सची बोट आली, प्राणवायूचा मास्क लागला आणि वहिनी त्याच्याबरोबर पेजला हॉस्पिटलात गेली. रक्ततपासणीत वायू सापडला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं परत आले. तो ठणठणीत होता, फक्त जरा गप्प. ‘अजून दहा-पंधरा मिनिटं बसला असता तर बेशुद्ध होऊन पाण्यात गेला असता,’ वहिनीने सांगितलं. ‘आणि आपण म्हटलं असतं, बुडाला.’

हीच ह्या वायूची खरी मेख आहे. त्याची लक्षणं म्हणजे सुट्टीची लक्षणं! डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं. ऊन, बिअर, जागरण, ह्या तिन्हींचं हेच होतं. म्हणून कोणालाच संशय येत नाही. आणि अलार्म असतो केबिनच्या आत. बाहेर फळीवर बसणाऱ्यासाठी वाजायला तिथे काहीच नसतं, एखादी वहिनी सोडून.

त्या रात्री दहाला नागपूरकराने स्वतः उठून जनरेटर बंद केला. आम्ही छतावर पडलो. वर आकाशगंगा इतकी स्पष्ट की ती ढगासारखी वाटावी. तेव्हा दादाने तळ्याच्या नावाची गोष्ट सांगितली.

जॉन वेस्ली पॉवेल हा अमेरिकन यादवी युद्धातला सैनिक. १८६२च्या लढाईत त्याचा उजवा हात गेला. १८६९मध्ये हा एका हाताचा माणूस नऊ जणांना आणि चार बोटींना घेऊन ह्या नदीच्या अनोळखी दऱ्यांतून गेला. ग्लेन कॅन्यन हे नाव त्याच मोहिमेतलं. पुढे तो देशाच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा प्रमुख झाला. ह्या कोरड्या मुलखाचा त्याने हिशेब मांडला आणि १८९३मध्ये लॉस एंजलिसच्या सिंचन परिषदेत उभं राहून सांगितलं, की जमीन भरपूर आहे, पण तिला पुरेल एवढं पाणी नाही, तुम्ही पुढच्या पिढ्यांसाठी भांडणं आणि कोर्टकचेऱ्या रचून ठेवताय. सभेने त्याची हुर्यो उडवली. म्हणजे तोही खडूसच ठरला.

१९२२मध्ये सात राज्यांनी ही नदी कागदावर वाटून घेतली. वरच्या राज्यांना ७५ लाख एकर-फूट, खालच्यांना तेवढंच. (एक एकर-फूट म्हणजे सुमारे १२.३ लाख लिटर.) १९४४च्या करारात मेक्सिकोचे १५ लाख आणखी. पण हिशेब धरला होता तो नेमक्या जास्त पावसापाण्याच्या वर्षांवरून. २०००पासूनच्या कोरड्या वर्षांत नदीने सरासरी त्याहून बरंच कमी दिलं. म्हणजे कॉन्ट्री आधी खर्च करून टाकली आणि जमा किती झाली ते कोणी पाहिलंच नाही. २०२२मध्ये ॲरिझोनाच्या वाट्याला १८ टक्के कपात आली. फीनिक्सला ३३६ मैलांच्या कालव्यातून ह्याच नदीचं पाणी जातं. ‘म्हणजे आपल्या घरातल्या नळालासुद्धा,’ वहिनी म्हणाली. आणि ज्याची हुर्यो उडवली, त्याचंच नाव ह्या तळ्याला दिलंय!

समोर चांदण्यात तो पांढरा पट्टा दिसत होता. पहिल्या दिवशी मला तो फोटो बिघडवणारा डाग वाटला होता. आता तो स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या काट्यासारखा दिसायला लागला. सगळ्यांच्या समोर, सगळ्यांना वाचता येईल असा. फक्त त्याच्याकडे बघायची पाळी कोणाच्या शीटवर नाही.

शेवटच्या दिवशी एक गंमत झाली. कोल्हापूरकर स्पीडबोट चालू करून फळीकडे वळला, तोच मागून आवाज आला, ‘इंजिन!’ ओरडणारा होता डोंबिवलीकर. दिवसभर तो हेच करत होता. कोणी फळीच्या दिशेने नुसती नजर टाकली तरी ‘इंजिन!’ त्यालाही एक पदवी मिळाली, अर्थात. डेप्युटी रेक्टर.

तर मंडळी, पुढच्या ट्रिपचा ग्रुप तयार होईल, तेव्हा त्यात एक जण नियमांची शीट टाकेल. सगळे हसतील. तुम्हीही हसा, हरकत नाही. पण ती शीट एकदा वाचा आणि त्यातली एक पाळी मागून घ्या. झेंड्याची नव्हे, काट्याची.

जाणार असाल तर

- मे ते सप्टेंबर पाणी पोहण्याजोगं असतं. जुलैत प्रचंड ऊन. जून किंवा सप्टेंबर उत्तम.
- हाउसबोट महाग, पण दहा-बारा जणांत वाटली की परवडते. स्पीडबोट आणि इंधन ह्यांचा खर्च वेगळा धरा.
- पाण्याच्या पातळीनुसार बोटी उतरवायच्या जागा बदलतात. बुकिंगआधी तपासा.
- तळ्यात क्वागा नावाच्या शिंपल्यांचा उपद्रव आहे. स्वतःची बोट असेल तर निघताना धुऊन, रिकामी करून, सुकवूनच न्यायची.
- भाजणी न्या. पाण्यावर, छतावर, सकाळच्या उन्हात थालीपीठ. विषय संपला.